आतल्या गाठी

सूटकेस आली नाही.
किमोनो आले, ओबी आल्या, लाकडी चपलांचे जोड आले,
घडी मोडू नये म्हणून घातलेले कागदसुद्धा आले.
राहिल्या त्या फक्त कंबरेच्या दोऱ्या,
फ्रँकफुर्टच्या पट्ट्यावर गोल गोल फिरत असतील.

फुसाएबाई खुर्चीवर टेकल्या. एवढंच म्हणाल्या,
छत्तीस.
मी दुभाषी. मी पोलिशमध्ये सांगितलं, छत्तीस.
(साहेबांचा आणि धाग्याचा आकडाही तोच.)
साहेब हसले, दोऱ्याच ना?
खालच्या भेटवस्तूंच्या दुकानात रिबिनी आहेत.
हे मी पलीकडे पोचवलं नाही.

कसं सांगायचं,
की या कपड्याला बटण नाही, हूक नाही, टाचणी नाही.
बाईपेक्षा वीतभर लांबच शिवतात तो,
जादाचं कापड कंबरेत दुमडून घेतात
आणि तो सगळा डोलारा
एका दोरीवर उभा असतो
जी कुणाला दिसत नाही.
दिसली, तर नेसवणारीची लाज जाते.

वूज शहर हे. या गिरणीत रात्रपाळीलाही माग खडखडायचे,
आता तेच माग लोक तिकीट काढून बघतात.
कोट ठेवायच्या खिडकीत ग्राझिना बसते.
आता जिथे कॉफी मिळते, तिथे तिने
एकतीस वर्षं बारा माग सांभाळले,
डावा कान तिथेच ठेवून आली.
मी तिच्या उजव्या कानात सगळं सांगितलं.
ती म्हणाली, लांबी दाखव.
मी हात पसरले.
फुसाएबाई उठल्या, मला बाजूला केलं,
आणि ग्राझिनाच्या कंबरेभोवती हवेतली दोरी
दोनदा फिरवली, आवळली, टोकं खोचली.
ग्राझिनाने श्वास आत ओढला,
खरंच आवळल्यासारखा.

ट्राम पकडून गेली. तासाभराने परतली
ती काखेत एक तागा घेऊन.
गिरणी बंद पडली त्या महिन्याचा तो पगार.
पैशांऐवजी कापड दिलं होतं सगळ्यांना.
लेकीच्या लग्नात तिने तो काढला नाही,
नवरा गेला तेव्हाही नाही.
कात्री पुढे केली तर म्हणाली, नको,
फाडलेलं सूत सरळ जातं.
मग दातांनी सुरुवात, आणि टर्रर्र...
त्या आवाजाला तिचा डावा खांदा दचकला.
फुसाएबाईंनी पहिली पट्टी दोन्ही हातांनी ताणली,
नाकाशी नेली, किनार बोटांनी चाचपली,
आणि बरंच काही बोलल्या.
मी सांगितलं, चांगलं आहे.
ग्राझिना म्हणाली, माहीत आहे मला.

संध्याकाळी बारा मुली प्रकाशात आल्या.
एकीच्या बाहीवर बगळे, एकीच्या पायघोळाशी पूर.
लोक पुढे झुकून झुकून बघत होते,
आणि प्रत्येक रेशमाच्या आत, बरगड्यांच्या जरा खाली,
वूजचं थकलेलं पगाराचं सूत
तीन तीन गाठी धरून उभं होतं.
कुणीतरी विचारलं,
यातलं सर्वांत मोलाचं काय?
फुसाएबाई थोड्या थांबल्या. म्हणाल्या,
ते तुम्हाला दिसलं, तर माझं चुकलं.
हे मात्र मी शब्दन् शब्द सांगितलं.
लोकांना तो विनोद वाटला.
मागच्या रांगेत, कोटांची खिडकी तशीच उघडी टाकून आलेली
ग्राझिना हसली नाही.

रात्री मुलींनी सगळं सोडलं, पट्ट्यांचा ढीग पडला.
फुसाएबाईंनी एकेक पट्टी
पंचकोनात दुमडली,
जशी दोरी दुमडायची असते तशीच,
छत्तीसच्या छत्तीस,
आणि परत न देता
स्वतःच्या पिशवीत ठेवल्या.
कुणी कुणाला विचारलं नाही.

सूटकेस गुरुवारी आली. त्या तोवर घरी पोचल्या होत्या.
मी फोन केला. म्हणाल्या, असू दे तिथेच.
ग्राझिनाने ती दोन कोटांमधून आत सरकवली
आणि माझ्या हातावर पितळी बिल्ला ठेवला, एकशे बारा.
म्हणाली, हरवू नकोस.
बिल्ल्याशिवाय मी कुणाला काही देत नाही.