धुरा

रात्री साडेअकराला लाइन आली
तेव्हा निकेशचा लॅपटॉप मांडीवर घेतला.
बॅटरी अकरा मिनिटं टिकते, म्हणून वायर लावूनच.
पाचशे जीबी. त्यात त्याचं विंडोज,
त्यावर जिनिंगच्या काट्याचं सॉफ्टवेअर,
जे दुसऱ्या कशावर चालत नाही,
आणि तीन हंगामांच्या कापसाच्या पावत्या.
मला लिनक्स हवं होतं, अभ्यासापुरतं.
"घे, पण एक पावती जरी गेली ना ताई..."
वाक्य तिथंच ठेवून तो गच्चीवर झोपायला गेला.

आधी बॅकअप. मग पडद्यावर एक लांब पट्टी.
तिच्या पोटात निकेश फक्त दोनशे दहा जीबी भरलेला,
बाकी सगळी मोकळी पांढरी.
तरी मी एकशेवीसच घेतले.

बाबा जागे होते.
भूमी अभिलेखात अडतीस वर्षं साखळी ओढलेला माणूस,
साहेब नकाशा बघायचे आणि हा बोराटीत शिरायचा.
चष्मा कपाळावर सारून वाकले.
"हे कोनाचं?"
निकेशचं.
"अन् हे?"
माझं.
"अन् हे मंधातलं, राईच्या दाण्याएवढं?"
एक एमबी. कुणाचंच नाही. तसंच सुटतं.
"मंग बराबर हाये. धुरा पाह्यजेच.
पथरोटले दोघं भाऊ, धुऱ्यावर एक बाभूळ.
आठ वर्सं तारखा केल्या.
बाभूळ वाळली, तारखा चालूच."

मी हसले. ते हसले नाहीत.
बोट आकड्यांवर होतं.
"तुनं कमी कावून घेतलं वं?"
पुरतं मला.

पुरतं मला.
मागच्या उन्हाळ्यात हेच बोलले होते,
दुय्यम निबंधकाच्या टेबलापाशी,
हक्कसोडीच्या कागदावर अंगठा टेकवताना.
शाईची डबी बाबांनीच धरली होती.
नंतर आम्ही तिघं रसवंतीत बसलो,
आणि रस गोड होता की नव्हता
यावर कुणी बोललं नाही.

बाबांनी पडद्यावरच्या रेषेवर बोट ठेवलं
आणि डावीकडे ढकललं.
टचस्क्रीन नाही ती. रेष हलली नाही.
त्यांनी पुन्हा ढकललं,
दगड सरकवताना लागतो तसा जोर लावून.
काचेवर बोटाचा ठसा उमटला.
मग मी माऊसनं रेष धरली.
तीनशेऐंशी. तीनशे. दोनशेपन्नास.
"बस," म्हणाले, आणि पाणी प्यायला उठले.

लागू करा.
चाळीस मिनिटं पंख्याकडे बघत बसले,
तो फिरतोय म्हणजे लाइन आहे.

सकाळी निकेश आंघोळीआधी लॅपटॉप उघडून ओरडला,
"ताई, हे काय, दोन दोन नावं?
अन् वरचे आकडे कमी कमी होऊन राहिले!"
दहा सेकंद असतात. काही दाबलं नाही तर वरचं उघडतं.
"मग माझं कोणतं?"
खालचं, म्हणाले मी. बाण दाब, खाली ये.
पावत्या सगळ्या आहेत. मोजून घे.