आठ वल्ही

निसार मिस्त्रीनं वाळू मुठीत धरली,
सोडली, बोटं हुंगली.
"आत्ता ओल हाय. दुपारी पीठ होतंय.
शर्यत कितीला?"
चारला.
"मग सकाळचं खरं मानू नको."

गंगाखेडच्या पुलाखाली, मे महिन्यात
गंगा एका अंगाला सरकलेली.
टेम्पोत चाकांचे दोन जोड:
दहा वल्ह्यांचा नवाकोरा, हैदराबादहून आणलेला,
नि आठ वल्ह्यांचा, गेल्या साली
कानशीनं घासून बुटका केलेला.

मला दहाची भुरळ.
जितकी वल्ही तितकी वाळू मागं, मी म्हणालो.
"अन् वल्हवणाऱ्याच्या दंडात बळ?
अडीचशेचं इंजिन हे. गच्च धरलं
की जागीच गुदमरतंय."

मग दातांचा हिशोब.
पुढच्या चक्राला बारा दात, तर सुटते बाणासारखी,
पण शेवटच्या पन्नास फुटांत
नुसती किंचाळते, सरकत नाही.
तेरा, तर सुटतानाच विचार करत बसते.
बारा, मी. तेरा, मिस्त्री. बारा.

दैवशाला डिझेलात चेन धूत होती.
"बसणार कोण?" तिनं विचारलं.
तू.
"मग मला कामून मोजलं न्हाई?
बेचाळीस किलो. तेरा घाला.
सुटताना मी मागं सरकते."

मिस्त्री काही बोलला नाही.
पाना पुसला, तेराचं चक्र काढलं.

पहिल्या फेरीनंतर वाळूत
शिडी आडवी टाकल्यासारखी खूण,
पायऱ्या सारख्या, कुठंच न खचलेल्या.
मी दहा वल्ह्यांच्या चाकावर बसून चहा प्यालो.
किमतीची चिठ्ठी अजून तशीच होती त्याला.