हर्णैच्या गॅरेजात अकराशे

हमजा सोलकर बॉनेट उघडतो
शेजाऱ्याच्या घरात हाक न मारता शिरावं तसं.

"हिच्या आधीचीला वेगळा सांगाडा होता,
वर नुसती पत्र्याची पेटी ठेवलेली.
मग त्यांनी सांगाडाच काढून टाकला.
पत्रा आपला भार आपणच पेलायला शिकला."
सांगतो असं, की तुरीन
दाभोळच्या पलीकडे असावं,
एका फेरीबोटीच्या अंतरावर.

पुढची दारं तेव्हा उलटी उघडायची.
चालत्या गाडीत कडी निसटली
की वारा दाराला शिडासारखा धरायचा.
कुणाचा तरी हात गेला असेल, हमजा म्हणतो,
त्याशिवाय कारखाना बिजागरी हलवत नाही.

मग मागच्या कडांना पर फुटले, सुरमईसारखे.
जाळीचे दात बदलले दोनदा.
गियर मात्र स्टिअरिंगपाशीच राहिला,
म्हणून तर पुढच्या सीटवर तिघं
आणि पायाशी बांगड्याची पाटी, बर्फासकट.

एकोणसत्तरला तिकडे ती बंद झाली.
इकडे कुर्ल्याला चालूच,
नावं तेवढी बदलत गेली.
"बंद म्हणजे काय?
त्यांना कंटाळा आला, एवढंच."

आता तो पाठ टेकून तिच्याखाली सरकतो.
खाऱ्या हवेने तळ खाल्लाय,
दाराखालच्या उंबऱ्यातून बोट आरपार.
कापतो. कापल्या कडेला रंगांचे थर:
माझ्या वडिलांचा राखाडी,
त्याआधी चिपळूणच्या डॉक्टर वैशंपायनांचा पांढरा,
आणि सगळ्यांत खाली एक हिरवा,
ज्याचं कुणालाच काही ठाऊक नाही.

नवा पत्रा जोडून त्यावर मोरीचं तेल फासतो,
होडीच्या तळाला फासतात तेच.
हे तुरीनच्या कुठल्या आराखड्यात नसणार.
वास आठवडाभर जात नाही.
मेव्हण्याच्या लग्नात
गाडी मांडवापासून लांब लावावी लागली होती.

मी विचारलं, हिच्यात मूळचं काय उरलंय?
तो काही बोलला नाही.
खिळ्याला टांगलेली वही काढली,
तेल पिऊन पानं आरपार दिसायला लागलेली.
बापाचं अक्षर: "मागचा पाटा. एक पातं जास्त.
दापोलीच्या चढासाठी."
त्याखाली कुणाकुणाची उधारी,
त्याखाली हमजाने आजची तारीख घातली
आणि लिहिलं: "उंबरा, उजवा."

आणि डावा?

"डावा पुढच्या साली बघू.
दार जरा हळू लावा म्हणजे झालं."