कापू नका

टीव्हीवाल्या साहेबांनो,
मी हिल्का रिस्सानेन, वय एकाहत्तर.
सव्वीस वर्षं दुधाचा टँकर चालवला याच मातीच्या रस्त्यांवरून,
तेव्हा रस्त्यात बघण्यासारखं काय असतं
हे मला विचारू नका.

तुमचं पत्र मिळालं. कागद चांगला आहे.
लिहिता, रॅलीत गाड्या एकेक करून सुटतात,
जंगलात सिग्नल मिळत नाही, हेलिकॉप्टर महाग,
आणि मधल्या वेळात दाखवायचं काय?

मग हिवाळ्यात स्कीवाले कसे सुटतात?
तेही एकेक, अर्ध्या अर्ध्या मिनिटाने.
तिथे चार-चार तास दाखवता,
कोणाच्या मिशीवरचा बर्फ, कोणाचं वाहतं नाक,
आणि आम्ही बघतो,
कपातली कॉफी निवेपर्यंत बघतो.

रॅलीला मात्र रात्री साडेदहानंतर वीस मिनिटं.
त्यावर ढोल बडवता.
उडी, धूळ, उडी, धूळ, उलटलेली गाडी,
हसरा माणूस, शॅम्पेन.
शेवट ठाऊक असलेल्याने सांगितलेली गोष्ट.
शेवट ठाऊक असला
की वळण वळण राहत नाही,
नुसती वाकडी रेघ होते.

माझा यार्नो गाडी चालवत नाही.
तो शेजारी बसतो, मांडीवर वही, आणि वाचतो:
डावं चार, लांब. शंभर. उडी, मधोमध राहा.
उजवं तीन, आवळतं, आत दगड, कापू नको.
लहानपणी चर्चमध्ये दोन ओळी वाचताना
त्याची दातखीळ बसायची.
आता ताशी दीडशेच्या वेगात
अजून न दिसलेला रस्ता वाचून दाखवतो,
आणि तेरो त्यावर विसंबून
चढाच्या टोकावर पाय दाबून ठेवतो.
एक माणूस दुसऱ्याचं ऐकतोय,
एवढंच दाखवा.
तुमच्या चर्चेच्या कार्यक्रमांत मी ते कधी पाहिलं नाही.

गेल्या ऑगस्टात, शुक्रवारी दुपारी,
फोनवर आकडे बघत होते.
पहिला टप्पा, हिरवा.
दुसरा, हिरवा.
तिसरा आलाच नाही.

मागून सुटलेल्या गाडीचा आला.
तिच्यामागचीचा आला.
शेजारची ऐला रासबेरीचं भांडं घेऊन दारात उभी,
तिला आत ये म्हणायचं सुचलं नाही.
मी कप विसळला. तोच परत विसळला.
अकराव्या मिनिटाला एक ओळ आली:
दोघेही बाहेर, चालत.

रात्री तुमच्याकडे त्याचे चार सेकंद होते,
तीन कोलांट्या, ढोलासकट.
यार्नो माझ्याच सोफ्यावर, हात गळ्यात बांधून,
म्हणाला, आई, आवाज बंद कर.

माझी अकरा मिनिटं कुठे गेली?
आत दगड होता, साहेब. तुम्ही कापलंत.

बहीण म्हणते, थेट दाखवलं असतं
आणि वाईट झालं असतं,
तर तू ते डोळ्यांनी पाहिलं असतंस.
दोन दिवस मला उत्तर सुचलं नाही.
आजही नीटसं नाही.
फक्त एवढं कळतं,
न आलेला आकडा मी पाहिलाय.
त्यात काहीही मावतं.

हेलिकॉप्टर राहू द्या.
चार वळणांवर चार खांब, चार कॅमेरे,
आणि रिकामा रस्ता दाखवा.
गाडी गेल्यावर बर्चच्या पानांवर बसणारी धूळ,
नारिंगी जाकिटातला पोरगा, अर्धं खाल्लेलं सँडविच,
मग शिट्टी, मग माणसं दोरीमागे सरकतात,
आणि आवाज येतो,
कुठल्या बाजूने ते कळत नाही.

तेवढं दाखवा.
बाकी आम्ही बघून घेऊ.