सावद्याच्या काट्यावर

पहिल्या दिवशी मी सेल बदलला.
मदरबोर्डावरचा, रुपयाएवढा, गोल.
ऐंशी रुपये घेतले, चहा प्यालो,
स्कूटरला किक मारून फैजपूर गाठलं.
दुसऱ्या दिवशी साडेअकराला रुबाब तडवीचा फोन:
"भाऊ, तुमचा सेल बी झोपला."

काट्यावर केळीची गाडी उभी.
घडांवर पानं झाकलेली, चीक अजून ओला.
ड्रायव्हर पावती उन्हात धरून वाचत होता:
एकोणीस टन दोनशे चाळीस किलो,
वेळ सकाळी सहा.
"सहाला तर मी भुसावळच्या अलीकडे नव्हतो!"

वजन बरोबर, वेळ खोटी.
आणि दिल्लीचा व्यापारी वजनाआधी वेळ वाचतो,
तास मोजतो, माल शिळा म्हणतो, भाव पाडतो.
अशा सतरा गाड्या झाल्या होत्या.
भंगाळेशेठनं रुबाबचा पगार अडवून धरला,
म्हणे, मशीनला हात लावणारा हाच एकटा.

रुबाबजवळ होतं फक्त एक लांबट रजिस्टर,
दोरीला बांधलेली पेन्सिल,
आणि मनगटावरच्या घड्याळातून
रोज गाडीगणिक उतरवलेली वेळ.
"मले येडं समजू राह्यले," तो म्हणाला,
आणि पान माझ्यापुढे सरकवलं.

मी बसून वजाबाकी केली.
आजची, कालची, मागच्या सोमवारची.
दर वेळी साडेपाच तास.
ना मिनिट इकडे, ना मिनिट तिकडे.
मरणारा सेल असा हिशोबानं चुकत नाही;
तो कण्हत चुकतो,
आज वीस मिनिटं, उद्या एकदम चौदा वर्षं.
हे कुणीतरी शहाणं चुकत होतं.

"रात्री इथे कोण बसतं?"
रुबाबनं पेन्सिलीला उगाच टोक केलं.
मग शेठच्या घराच्या गच्चीकडे पाहिलं.

हेमांगी. इंजिनीअरिंगचं तिसरं वर्ष.
तिनं या मशीनवर आपल्यापुरती लिनक्स टाकलेली,
मोबाईलचं नेट जोडून रात्रभर प्रोजेक्ट करायची.
बापाला पत्ता नाही.
रुबाबला होता, पहिल्या दिवसापासून.
पगार अडला तरी तो बोलला नव्हता.

तर असं:
लिनक्स रात्री नेटवरून वेळ घेते
आणि जाताना सेलच्या घड्याळात ग्रीनिचची वेळ ठेवून जाते.
सकाळी विंडोज उठते, तोच आकडा बघते
आणि सावद्याचा समजून छापते.
खोटं कुणीच बोलत नाही.
आकडा कुठल्या गावचा, हे लिहायला तिथे जागाच नाही.
"म्हंजे लिहिलं टनात अन् वाचलं मणात?"
रुबाबनं विचारलं.
इतक्या वर्षांत मला कुणी इतकं सोपं करून सांगितलं नव्हतं.

हेमांगी ओल्या केसांनीच धावत आली.
"विंडोजला बदला. लिनक्सचं बरोबर आहे."
मी वाद घातला नाही. रजिस्ट्री उघडली.
"रजिस्टर?" रुबाब पुढे वाकला.
"त्याचीच बहीण. हिला पेन्सिल चालत नाही."
एक नवी नोंद. किंमत: एक.
घड्याळ एकदा हातानं जुळवलं.
मशीन बंद, चालू, लिनक्स: बारा सत्तेचाळीस.
बंद, चालू, विंडोज: बारा एक्कावन्न.
रुबाबनं मनगट पडद्याला लावून पाहिलं,
दोन्ही वेळा.

सेलचे ऐंशी रुपये परत देऊ केले.
"राहू द्या, जुना बी थकला असंन."

शनिवारी पगार मिळाला म्हणे.
बापाशी ती काय बोलली, ते मला कळलं नाही;
मी निघालो तेव्हा काचेच्या दाराशी
हात मागे बांधून उभी होती
आणि शेठ आत फोनवर भाव करत होता.

फायलीतल्या जुन्या पावत्या मात्र तशाच आहेत.
त्या सतरा गाड्या कागदावर
अजून आपल्या वेळेआधीच निघतात,
केळी बागेत
झाडाला लटकलेली असताना.