रिकाम्या गाडीचं वजन

सावदा-फैजपूर रस्त्यावर, केळीच्या वखारीसमोर
माझा वजनकाटा. सत्तावीस वर्षं रात्रपाळी.
आधी रिकामी गाडी, मग भरलेली,
वजाबाकी करायची, उरेल तो माल.
एवढंच शास्त्र मला येतं.

बायकोला उचकी लागते, ती नावं घेऊ लागते:
यावलची आत्या, मेलेला मामा, शेजारच्या नेहेतेकाकू,
आणि शहाद्याच्या ताईपाशी उचकी थांबते.
"बघा," म्हणते, "ताईनंच काढली आठवण."
मी म्हणतो, ताई नेहमी नववी असते,
नऊ नावांत कुठलीही उचकी दमते.
ती पाण्याचा तांब्या आपटते.
दुसऱ्या दिवशी ताईचा फोन येतो, खरं आहे.
पण ताईचा फोन रोजच येतो.

एकदा पहाटे दोन ट्रक लागोपाठ,
एक रतलामचा, एक बऱ्हाणपूरचा.
वजन किलोला किलो सारखं,
आणि दोन्ही ड्रायव्हरांना त्याच रात्री मुलगी झालेली.
दोन अनोळखी माणसं काट्याच्या लोखंडी पत्र्यावर
मिठी मारून रडली.
मी पावत्या फाडल्या.
हात थरथरत होता, तेही खरं.

तेव्हा रजिस्टरच्या मागच्या पानांवर दोन रकाने आखले.
डावीकडे: घडलं. उजवीकडे: घडलं नाही.
कावळा बसला नि फांदी मोडली, ते गावभर होतं;
बसून, चोच पुसून, निमूट उडून गेलेले कावळे
कुणी मोजलेत?
म्हटलं, मी मोजतो.

डावा रकाना लोकच येऊन भरतात,
चहाही पाजतात वर.
उजव्यासाठी एकट्यानं जागावं लागतं.
अमुक आठवला. आला नाही.
तमक्याचं नाव निघालं. फोन वाजला नाही.

वर्षाअखेर बेरीज करायला बसलो
तर उजव्या रकान्यात, पान उलटावं तिथं,
एकच नाव.
लोटन आठवला. आला नाही.
लोटन आठवला. आला नाही.
तीनशे बारा वेळा.

लोटन, माझ्याबरोबरचा तोलाईदार, मूळचा अमळनेरचा.
चाळीस किलोंच्या एका पावतीवरून फाटलं
आणि तो दोंडाईच्याला, मिरचीच्या बाजारात गेला.
एकोणीस वर्षं झाली.
पावती कुणी चुकवली ते दोघांपैकी एकालाच ठाऊक आहे.
तो लोटन नाही.

मिरचीच्या एका ड्रायव्हरकडून नंबर मिळवला.
पलीकडे आधी खोकला, मग आवाज:
"भारंबे? आत्तेच तुन्हं नाव काढं भो!
आत्तेच, हाई वटावर बसेल व्हतू!
शंभर वरीस जगशी!"
मागे त्याची बायको कुणाला तरी हाक मारून सांगत होती,
ऐका, ऐका, काय झालं ते.

त्याच्या ओट्यावर चमत्कार उतरला होता.
माझ्या मांडीवर तीनशे बारा ओळी उघड्या.
विचारावंसं वाटलं, याआधी किती वेळा काढलंस?
तुझ्याकडेही आहे का रे उजवा रकाना?
विचारलं नाही.
पाऊसपाणी झालं, गुडघे झाले, पोरांची लग्नं झाली,
मग पावतीचं बोललो.
तो म्हणाला, "कोन्ती पावती?"
आणि इतका वेळ गप्प राहिला
की मला वाटलं फोन कटला.

बुधवारी येतो म्हणालाय, शिरपूरमार्गे, बसनं.

आता रात्री पेन उघडून बसलोय.
एकाला तीनशे बारांतून तोललं
तर हिशोबानं हाती काही लागत नाही.
मी हिशोब सोडणारा माणूस नाही.
पण काट्याचं एक मला माहीत आहे,
दहा किलोच्या आतलं त्याला कळत नाही.
क्लीनर टपावरून उतरताना चप्पल विसरतो,
ड्रायव्हर आरशाला लेकीचं झबलं बांधतो,
पहाटे केळीच्या घडांवर कावळा येऊन बसतो,
आकडा हलत नाही.

कावळा बसलेला असतो.