सह्य

शनिवारी रात्री सव्वाआठला
टिपणिसांचा मजकूर येतो माझ्या टेबलावर.
सहाशे शब्द, आणि खाली तारे.
तारे मी फक्त मोजते.
माझा अधिकार वेलांटीपुरता,
फार तर एखाद्या अनुस्वारापुरता.
सव्वीस वर्षं मी त्यांची मतं
शुद्ध करून देते आहे.

आज दीड तारा.
'भावनांचा भडीमार.' डी ऱ्हस्व केली.
'उत्तरार्धात कथा ढेपाळते.' ढेपाळू दे, बरोबर लिहिलंय.

कालच बघून आले होते मी तो.
चिंचपोकळीची चंद्रिका टॉकीज, संध्याकाळचा खेळ,
खुर्चीचा स्पंज उंदरांनी नेलेला.
त्यात एक बहिरा बाप
लेकीच्या कानाशी लागतो, भर मांडवात,
आणि कुजबुजतो असं समजून ओरडतो,
'तुझ्या आईच्या पाटल्या मी विकल्या गं!'
सगळा मांडव गप्प.
मग अठरा-वीस व्हायोलिनं एकदम.
थिएटर हसलं.
माझ्या पर्समध्ये रुमाल सापडेना.

माझे बाबा साचेवाले.
गिरणी बंद पडली
तेव्हा कान आधीच बंद पडले होते.
रविवारी मला घेऊन चंद्रिकात.
सगळ्यात पुढे, डावा कोपरा, स्पीकरच्या खाली.
मान अवघडायची,
नायिकेची नुसती हनुवटी दिसायची.
'इथंच का बसायचं?'
तर म्हणायचे, 'इथं सिनेमा स्वच्छ आहे.'
चांगला, वाईट, असं ते कधी बोललेच नाहीत.
ऐकू आला, किंवा नाही आला.
नावाजलेले, हळू आवाजाचे सगळे
आमच्या घरी नाहीच आले.

टिपणिसांवर विसंबून एकदा गेलेही होते मी.
चार तारे. बर्फातून चालणारा एक माणूस,
दीड तास, आणि कुणी कुणाशी बोलत नाही.
मी झोपले. शेजारच्या बाईंनी कोपरानं ढोसलं, इतकी.
तिकिटाचे पैसे टिपणिसांकडून मागावेत असं वाटलं होतं.
पुढे दोन वर्षांनी, केईएमच्या जिन्यावर,
पहाटे, बाबांचे कपडे पिशवीत घेऊन बसले होते,
तेव्हा तो माणूस आला.
चालत होता अजून.
चारही तारे त्या जिन्यावर पटले मला.
हे त्यांना सांगायचं राहून गेलं.
मुद्रितशोधकानं लेखकाला काय सांगायचं असतं?
'कृपया पान दोनवरची तारीख तपासावी.'

तर आज, शेवटच्या परिच्छेदात,
'पार्श्वसंगीताचा गोंगाट सह्य आहे.'

मूळ कागद पाहिला. असह्य.
डीटीपीच्या गोरक्षकडून अ गळलेला.
एवढंसं अक्षर.
मी पेन्सिल उचलली, ठेवली.
उद्या सकाळी दीड लाख घरांत
बाबांचा गोंगाट सह्य झाला असता,
टिपणिसांच्या सहीनं.
गोरक्ष चहा ठेवून गेला. साय धरेपर्यंत तशीच बसले.

खिडकीतून ते आठ पडद्यांचं चित्रगृह दिसतं.
बाबांचं साचेखातं होतं तिथं, हात दाखवून सांगता येईल इतक्या नेमक्या जागी.
टिपणीस खास खेळ बघतात तो तिथंच,
गालिच्यावर, चप्पल वाजत नाही अशा जागी.
त्यांना तिथं काय ऐकू यायला हवं होतं?
आणि कुणी सांगायला हवं होतं?

हंसपद काढलं.
अ दिला जागेवर.
दीड तारा त्यांचा, गोंगाट असह्य वाटला तोही त्यांचाच.
उसनं घेऊन बाबांना काय द्यायचं.

उद्या साडेतीनचा खेळ आहे.
सुट्टे काढून ठेवलेत.
खिडकीतला माणूस ओळखीचा झालाय आता,
'बाई, मागं सगळं रिकामं आहे,' म्हणेल.